कुणाला कोणती गोष्ट द्यावी?

कडाव आणि आजूबाजूच्या गावा-वाड्यांतल्या आपल्या गटांसाठी आज आम्ही गोष्टीच्या पुस्तकांविषयी बोलणार आहोत. वाचायच्या पुस्तकांविषयी आणि मोबाईलवर ऐकायच्याही.

बघा, असं पुष्कळदा होतं. नव्यानं वाचायला शिकलेल्या बाईच्या हातात कुणीतरी नावाजलेलं जाडजूड पुस्तक ठेवतं. चार पानांवर ती अडखळते, पुस्तक मिटते आणि म्हणते, "हे काही आपल्याला जमायचं नाही." मग ती पुन्हा पुस्तकाला हात लावत नाही. बिचारी स्वतःला दोष देते, पण चुकलेली असते ती निवड. म्हणून पुस्तक किती मोठं हे बघण्याआधी ते कुणासाठी घ्यायचंय हे बघावं.

त्यासाठी तीन गोष्टी विचारा. एका वेळी किती वेळ मिळतो? आजवर कोणती गोष्ट, सिनेमा, मालिका किंवा कीर्तन मनापासून आवडलं? आणि वाचणं सोपं जातं की ऐकणं?

लहानग्यांसाठी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना चित्र मोठं आणि मजकूर दोन-चार ओळींचा हवा. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ यात चांगलं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट मिळतात, आणि सोप्यापासून अवघडपर्यंत त्यांच्या पायऱ्या लावलेल्या असतात. वाडीतल्या मुलांच्या घरची बोली ठाकरी किंवा कातकरी असेल, तर चित्र दाखवून गोष्ट आधी त्याच बोलीत सांगा. पुस्तकातले शब्द मागाहून येऊ द्या.

आठ-दहा वर्षांच्या पुढे मुलांना धावपळ हवी असते. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’, म्हणजे फुरसुंगीचा बनेश, अजूनही मुलांना पळवतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यात एकेका रात्री एकेक गोष्ट सांगितली आहे, म्हणून जेवणं झाल्यावर रोज एक वाचायला ती सोयीची. मात्र त्यात दुःखही बरंच आहे. लहान मूल असेल तर जवळ घेऊन वाचा, नुसतं पुस्तक हातात देऊ नका.

मोठ्या माणसांसाठी

मोठ्या बाईला अक्षरं जड जातात म्हणून तिला चिऊ-काऊची पुस्तकं देऊ नका. तिनं संसार केलेला असतो, तिला मोठ्या माणसांचीच गोष्ट हवी, फक्त आटोपशीर. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ 1949 सालचं. त्यात गावातल्या एकेका माणसाचं थोडक्यात चित्र आहे. एका बैठकीत एक माणूस वाचून होतो, आणि आपण काहीतरी पुरं केलं असं वाटतं. ते आवडलं तर पुढे त्यांचीच ‘बनगरवाडी’ ही छोटी कादंबरी घ्यावी.

बाईच्या तोंडून सांगितलेली गोष्ट हवी असेल तर गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ आहे. कोकणातलं एक गाव हळूहळू कसं ओस पडतं, ते त्यात अंबावहिनी सांगते. त्यांचीच ‘जैत रे जैत’ ही आपल्या जिल्ह्यातल्या कर्नाळ्याच्या बाजूच्या ठाकरांवर आहे. 1977 साली तिच्यावर सिनेमा निघाला. गटात ठाकर मैत्रिणी असतील तर ती एकत्र वाचून त्यांनाच विचारा, यात आपलं काय बरोबर उतरलंय, काय नाही. लेखक बाहेरून आलेला होता, आणि तिथली माणसं आपल्या शेजारी बसलेली आहेत.

तरण्या मुलांना अण्णा भाऊ साठे यांची 1959 सालची ‘फकिरा’ द्या. अण्णा भाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले होते, हे नव्यानं शिकणाऱ्या बायांनाही सांगा. हसायचं असेल तर पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ आहे. पुलं स्वतः ती रंगमंचावर एकट्यानं सादर करत, म्हणून ती त्यांच्या आवाजात ऐकण्यात वेगळीच मजा आहे.

ऐकायची पुस्तकं

आवणीच्या दिवसांत पुस्तक धरायला हात मोकळे नसतात. भाकऱ्या थापताना, वाल सोलताना कान मात्र मोकळे असतात. डोळ्यांनी नीट दिसत नसलेल्या आजीलाही ऐकणंच बरं. आपल्या पिढीनं रेडिओवर श्रुतिका ऐकल्यात, तेव्हा हे काही नवीन नाही.

निवडताना आधी नमुना पाच मिनिटं ऐका. आवाज पटला नाही तर चांगली गोष्टही कंटाळवाणी होते. पुस्तक पूर्ण आहे की कापून लहान केलेलं, हे बघा. किती तासांचं आहे तेही बघा. दहा तासांचं पुस्तक रोज अर्धा तास ऐकलं तर वीस दिवस पुरतं. वाचणारा भरभर बोलत असेल तर ॲपमध्ये वेग कमी करता येतो.

शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ मोठं आहे, पण महाभारत ठाऊक असलेल्या आजी-आजोबांना ते ऐकायला जड जात नाही. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, असं एकेक पात्र आपली बाजू सांगतं. एक पात्र संपलं की थांबायला जागा मिळते.

स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं आहेत, पण तिथं ठरावीक मुदतीची वर्गणी भरावी लागते. मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जाणार का, हे घेण्याआधीच बघा. जिथं वायफाय असेल तिथं पुस्तक उतरवून ठेवलं तर वाडीत रेंज नसतानाही ऐकता येतं. रस्त्यानं चालताना मात्र दोन्ही कानांत इअरफोन नको.

विकत घेण्याआधी जवळच्या शासनमान्य वाचनालयात चौकशी करा. गटातल्या एकीनं सभासद व्हायचं आणि दर बैठकीला एक गोष्ट मोठ्यानं वाचायची, असं ठरवता येईल.

आणि एक. आवडलं नाही ते पुस्तक अर्ध्यात सोडलं तरी चालतं. काय आवडलं नाही ते मात्र एकमेकींना सांगा, म्हणजे पुढचं निवडणं सोपं होतं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या आवडत्या एका गोष्टीचं नाव सांगावं. त्यातूनच तुमच्या गटाची यादी तयार होईल, आणि ती आम्ही दिलेल्या यादीपेक्षा तुमच्या जास्त कामाची असेल.