पॅकिंग बदललं, तरी ऑइल गळतंय?

इंदिरानगरातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधून सकाळी खाली बघत चाला. दोन-चार गाड्यांखाली तरी काळा डाग दिसेलच. त्यातली एक गाडी तुमची असेल, तर पुढची गोष्ट ओळखीची वाटेल. सेक्रेटरी काका फरशीवरून दोनदा बोलून झालेत. तुम्ही पॉकेटमनी साठवून गाडी गॅरेजला टाकलीत. 'पॅकिंग गेलंय' असं निदान झालं, नवं पॅकिंग बसलं. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच डाग!

अशा वेळी मनात तीनच गोष्टी येतात. मेकॅनिकने गंडवलं, पॅकिंग डुप्लिकेट निघालं किंवा पुन्हा एकदा पॅकिंग बदलून बघू. यातलं काहीही खरं असू शकतं. पण एक प्रश्न बहुतेक वेळा कुणी विचारलेलाच नसतो: ऑइल नक्की निघतंय कुठून? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरं पॅकिंग टाकणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

पॅकिंग करतं तरी काय?

ज्याला पुस्तकात गॅस्केट म्हणतात, त्यालाच गॅरेजमध्ये पॅकिंग म्हणतात. इंजिनाचे दोन भाग जिथे जुळतात, तिथले धातूचे पृष्ठभाग डोळ्याला गुळगुळीत दिसले, तरी त्यावर बारीक उंचवटे आणि खड्डे असतातच. बोल्ट आवळले की मधलं पॅकिंग दाबलं जातं आणि ते खड्डे भरून काढतं. क्लच कव्हरला आणि मॅग्नेट कव्हरला बहुधा कागदी पॅकिंग असतं, टॅपेट कव्हरला रबरी, तर हेडला धातूचं. म्हणजे पॅकिंग एकटं काहीच अडवत नाही. स्वच्छ पृष्ठभाग, सारखा दाब आणि नवं पॅकिंग असं तिघांचं ते काम आहे.

जोड ही इंजिनाची जुनी दुखरी जागा. पूर्वीच्या ब्रिटिश मोटरसायकलींमध्ये इंजिनाचं घर उभं दुभागलेलं असायचं, त्यामुळे जोड थेट तळापर्यंत, ऑइलपाशी जायचा. 'बुलेट गळत नसेल तर तिच्यात ऑइलच नाही' हा विनोद आला तो तिथूनच. १९६९ मध्ये आलेल्या होंडा सीबी ७५० चं घर आडवं दुभागलेलं होतं. जोड वर गेला आणि गळती कमी झाली. आपल्या १०० सीसीच्या गाड्यांमध्ये आजही जोड उभाच असतो. पण मशिनिंग आणि सील सुधारल्यामुळे त्या कोरड्या राहतात, अर्थात उघडल्यावर नीट जोडल्या तर!

आधी पुसा, मग बोला

कव्हर उघडलं की आतलं थोडं ऑइल बाहेर सांडतंच. ते खाचांमध्ये आणि बोल्टच्या भोकांमध्ये साठतं आणि पुढचे एक-दोन दिवस थेंब थेंब खाली येत राहतं. ही गळती नसते, कामाचा उरलेला पसारा असतो. म्हणून गॅरेजवाल्याशी भांडायला जाण्याआधी इंजिन थंड असताना रॉकेल किंवा डीग्रीझर आणि जुना टूथब्रश घेऊन सगळं स्वच्छ करा. गरम इंजिनाजवळ पेट्रोल अजिबात नको. पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या.

आता घरातली टाल्कम पावडर घ्या आणि संशय असेल त्या जोडांवर हलकेच भुरभुरवा. गाडी जागेवर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, पण उघड्यावर, बंद पार्किंगमध्ये नाही. मग टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर जिथे पहिला ओला डाग उमटेल, तीच तुमची जागा.

नियम एकच: सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. ऑइल खाली ओघळतं आणि गाडी चालू असताना वाऱ्याने मागेही सरकतं. टॅपेट कव्हरमधून निघालेलं ऑइल क्लच कव्हरच्या तळाशी थेंब बनून लटकतं. बघणाऱ्याला वाटतं, क्लच कव्हरचं पॅकिंग गेलं. मग चांगलं पॅकिंग बदललं जातं आणि गळती आहे तिथेच राहते.

पॅकिंगवर आळ, चोर दुसराच

गिअर शाफ्ट, किक शाफ्ट, चेनचं पुढचं स्प्रॉकेट, या फिरणाऱ्या दांड्यांभोवती पॅकिंग नसतं, रबरी ऑइल सील असतं. ते कडक झालं की गळतं. कितीही पॅकिंग बदला, सील गळतच राहणार.

दुसरा संशयित ड्रेन बोल्ट. त्याखालचं वायसर मऊ धातूचं असतं आणि एकदा दाबलं की चपटं होतं. दर वेळी तेच जुनं वापरलं, तर तिथून पाझर सुटतो. वायसर पाच-दहा रुपयांचं आणि शोध मात्र महिनाभर!

तिसरा, जास्तीचं ऑइल. छोट्या बाइकमध्ये साधारण एक लिटर ऑइल मावतं, कित्येक स्कूटरमध्ये त्याहूनही कमी. 'उरवून काय करायचं' म्हणून अख्खी बाटली ओतली, तर आतला दाब वाढतो. इंजिनाला श्वास घ्यायला असलेला ब्रीदर पाइप चिखलाने बुजला किंवा दुमडला, तरी तेच होतं. दाबाखालचं ऑइल सगळ्यात कमजोर जोड शोधून बाहेर येतं. त्यात संध्याकाळी इंदिरानगरच्या बोगद्यापाशी पहिल्या गिअरवर सरकत राहिलात, की इंजिन तापतं, ऑइल पातळ होतं आणि पाझर वाढतो. पातळी बघताना गाडी सपाट जागी सरळ उभी हवी. डिपस्टिक पिळून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

आणि खरंच पॅकिंगच असेल तर

मग प्रश्न ते कसं बसवलं याचा. जुन्या पॅकिंगचा नखाएवढा तुकडा चिकटून राहिला, तरी त्याच्या बाजूला ऑइलला वाट मिळते. तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडला, तर ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि ही वाट कायमची होते. प्लॅस्टिकच्या पट्टीने, सावकाश काढणं हाच उपाय. दोन भाग सरळ रेषेत ठेवणाऱ्या छोट्या डॉवेल पिना जागेवर आहेत ना, हेही बघायचं.

दुसरी चूक म्हणजे 'अजून आवळ'. कव्हरचे सहा मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरला आवळायचे असतात. म्हणजे १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला फक्त सात किलोचा जोर. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. त्याहून जास्त ताकद लावली, तर कव्हर वाकतं, पॅकिंग फाटतं किंवा आटे जातात. बोल्ट ओळीने नाही, तर समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे. घरात कुणी अंबडला किंवा सातपूरला एमआयडीसीत असेल, तर टॉर्क रेंच दाखवायला सांगा. कारखान्यात हाताच्या अंदाजावर कुणी बोल्ट सोडत नाही.

तिसरी चूक सिलिकॉनचा थर. गॅरेजमध्ये 'अनाबाँड लावून देतो' असं ऐकू येतं. पुस्तिकेत सांगितलं असेल तिथे पातळसा लावणं ठीक. पण जाड थर दिला, तर जादा सिलिकॉन आत दबतं, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइलच्या जाळीत अडकतात. बाहेरची गळती थांबली, पण आत ऑइलच पोहोचेना, असा हा महागातला सौदा.

मेकॅनिकशी बोला असं

'भाऊ, पुन्हा गळतंय' एवढंच म्हणालात, तर पुन्हा पॅकिंगच बदललं जाईल. त्याऐवजी फोनवरचा फोटो दाखवा. 'भाऊ, सगळं पुसून पावडर टाकली होती. पहिला डाग किकच्या दांडीपाशी आला. सील बघता का?' पावडरीवरच्या डागाशी वाद घालता येत नाही आणि चांगल्या मेकॅनिकला असं गिऱ्हाईक आवडतंच. जुना पार्ट परत मागा. पॅकिंग एका मिसळीच्या पैशात येतं, खरा खर्च मजुरीचा असतो आणि तो दोनदा कशाला द्यायचा?

हे मात्र उद्यावर नको

जोड नुसता ओलसर दिसत असेल, तर आठवडाभर लक्ष ठेवून चालेल. रोज थेंब पडत असतील, तर दर दोन दिवसांनी पातळी तपासा. बहुतेक साध्या बाइकला ऑइल कमी झाल्याचं सांगणारा दिवा नसतो, थेट इंजिन जाम होतं आणि बोअर-पिस्टनचं काम हजारांत जातं. ऑइल मागच्या टायरवर किंवा ब्रेकवर उडत असेल, तर गाडी तिथेच उभी करा. त्र्यंबकच्या वळणावर टायर सरकला, तर पॅकिंगचा हिशोब फार मागे पडतो.

काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे आणि गटारातून नासर्डीत व पुढे गोदावरीत जायला त्याला वेळ लागत नाही. बाटलीत भरून गॅरेजला द्या, तिथे ते साठवून पुढे जातं.

आणि हो, हे पान वाचून झालं की रद्दीत टाकू नका. रात्री गाडीखाली अंथरा. सकाळी डाग कुठे पडलाय, पुढे की मागे, डावीकडे की उजवीकडे, ते बघा. तपास तिथूनच सुरू करा.