दारी जाणारी माणसं

सभा संपत आली की एक कापडी थैली फिरू लागते. प्रत्येक जण हात आत घालतो आणि बाहेर काढतो. कोणी पाचशेची नोट टाकली, कोणी दहाचं नाणं, कोणाच्या हातात या आठवड्यात काहीच नव्हतं, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही, अध्यक्षालाही नाही. संत विन्सेंट दी पॉल सोसायटीची ही गुप्त थैली. दान गुपचूप करावं, ही येशूची शिकवण इथे प्रवचनापुरती न राहता सभेच्या कामकाजाचा भाग झाली आहे.

या संस्थेचं मूळ १८३३ सालच्या पॅरिसमध्ये आहे. आदल्याच वर्षी कॉलऱ्यानं शहरात हजारो माणसं गेली होती. तिथल्या एका वादसभेत कॅथलिक विद्यार्थी आपल्या धर्माची थोरवी सांगत, तेव्हा समोरच्यांनी त्यांना अडवलं: पूर्वी केलंत ते ठीक, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? फ्रेडरिक ओझानम या विद्यार्थ्याला हा प्रश्न लागला. उत्तर शोधताना त्यानं भाषण लिहिलं नाही. तो आणि त्याचा मित्र स्वतःजवळचं जळणाचं लाकूड उचलून एका गरीब घरी देऊन आले, असं सांगतात. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानमच्या विसाव्या वाढदिवशी, इमान्युएल बाय्यी या संपादकाच्या कचेरीत पहिली बैठक झाली. बाय्यी वयानं मोठे, बाकी सारे विद्यार्थी.

गरिबांची सेवा कशी करायची, हे मात्र या मुलांना ठाऊक नव्हतं. ते त्यांना शिकवलं सिस्टर रोझाली रँडू यांनी. मुफ्तार रस्त्याच्या दरिद्री वस्तीत त्या अर्धशतक राबल्या. कोणत्या घरी जायचं ते त्या सांगत, पावाच्या चिठ्ठ्या हाती देत, आणि आत गेल्यावर कसं बोलायचं तेही समजावत. सिस्टर रोझाली ज्या धर्मभगिनींच्या संघात होत्या, तो सोसायटीला ज्यांचं नाव आहे त्या खुद्द संत विन्सेंट यांनी लुईज द मारियाक यांच्यासोबत १६३३ साली उभा केला होता. त्या काळी धर्मभगिनी मठाच्या भिंतीआड राहत. या मात्र रस्त्यावर, रुग्णाच्या खाटेशी जात. ओझानम आणि त्याच्या मित्रांना वारसा मिळाला तो या रस्त्याचा.

म्हणूनच सोसायटीचा सगळा प्राण गृहभेटीत आहे. धर्मग्रामातल्या गटाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. नेमाची सभा असते: प्रार्थना, थोडं आध्यात्मिक वाचन, मागच्या सभेचं इतिवृत्त, मग कोणत्या घरी काय पाहिलं याचं कथन. भेटीला शक्यतो दोघं जातात. मला या रिवाजात मोठं शहाणपण दिसतं. एकट्यानं गेलं की देणारा आणि घेणारा अशी जोडी होते. दोघं गेले की पाहुणे होतात. घरात बसल्यावर दिसतं ते अर्जाच्या रकान्यात मावत नाही. शाळेच्या वेळेला मुलगी घरी का आहे, औषधाची चिठ्ठी महिनाभर तशीच का पडली आहे, म्हातारीशी दिवसभर कोणी बोलत नाही का. कधी तांदूळ, डाळ, तेल लागतं. कधी शाळेची फी, कधी फक्त कोणीतरी तासभर बसून ऐकावं, एवढंच.

मदतीच्या नावाखाली आपल्याकडे मांडव पडतो, फलक लागतो, गरजूंना रांगेत उभं करून छायाचित्रं काढली जातात. घेणाऱ्याच्या मानेला त्या क्षणी काय होतं, याचा विचार कोणी करत नाही. सोसायटीत कुटुंबाचं नाव सभेच्या खोलीबाहेर जात नाही. जात, धर्म, पंथ विचारले जात नाहीत. ज्या घरी देव्हारा आहे किंवा भिंतीवर मक्केचं चित्र आहे, तिथेही हीच माणसं जातात. आणि पैसा साठवत बसायचा नाही, असं नियमावली बजावते. आपल्या कित्येक विश्वस्त निधींनी हे वाक्य भिंतीवर लावावं.

दानानं अन्याय मिटतो का, हा रास्त प्रश्न आहे आणि तो ओझानमलाही पडला होता. पुढे सोरबोनमध्ये परकीय साहित्याचा प्राध्यापक झालेल्या, दान्तेवर प्रबंध लिहिलेल्या या माणसानं लिओंमध्ये व्यापारी कायदा शिकवताना मजुरीचा विषय मांडला. मजुरीत मुलांच्या शिक्षणाचा आणि म्हातारपणाचा विचार हवा, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे भाकरी पोचवणाऱ्यानं भाकरी का तुटली हेही विचारायचं होतं. १८५३ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो मार्सेलला वारला. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसमध्ये त्याला धन्यवादित घोषित केलं. लग्न केलेला, मुलगी असलेला, पगारावर जगणारा प्राध्यापक. संतपदाच्या वाटेवर असा संसारी माणूस दिसला की मला विशेष आनंद होतो.

मुंबईत हे काम एकोणिसाव्या शतकातच आलं. आज दीडशेच्या आसपास देशांत ते चालतं. परदेशातली एखादी सुस्थितीतली कॉन्फरन्स इथल्या कॉन्फरन्सशी जोडली जाते आणि नेमानं हातभार लावते. मुंबई असो की वसई, सभासद म्हणजे बँकेत, रेल्वेत, शाळेत नोकरी करणारी किंवा वाडीत राबणारी साधी माणसं. कारभार त्यांचाच, धर्मगुरू आध्यात्मिक सल्ल्यापुरते. शंभराहून अधिक वर्षं हा पुरुषांचाच कारभार होता. बाया त्यात आल्या आणि घरभेट बदलली, असं मला वाटतं, कारण चुलीपाशी बसून बाई बाईला जे सांगते, ते ओट्यावरच्या पुरुषाला कधीच सांगत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाची कसोटी दिली आहे: भुकेलेला, तहानलेला, उघडा, आजारी, तुरुंगातला. कॅथलिक माणूस ती मिस्सेत ऐकतो. सोसायटी त्या यादीतल्या माणसाचा पत्ता शोधून काढते. दुःख याचंच की अनेक सभांत आता पिकल्या केसांचीच माणसं दिसतात, आणि जिने चढणं त्यांना जड जातं.

वाचकहो, तुमच्या धर्मग्रामात कॉन्फरन्स असेल तर येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर तिची सभा कधी असते ते विचारा. पैसे नसले तरी चालतील. आठवड्यातले दोन तास द्या, आणि एका घराचा जिना चढा.