चामटोलीहून लंडन : तिकिटाआधीचा हिशेब

लंडनवरील आमचे व्याख्यान संपले आणि अध्यक्षांनी श्रोत्यांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली, तेव्हा पहिलाच प्रश्न आला तो, "तिकीट केवढ्याला पडले?" असा. तासभर आम्ही संग्रहालयांविषयी बोललो होतो. पण श्रोत्यांचे मन भाड्यापाशी अडकून राहिले होते. आम्हांला त्याचे वाईट वाटले नाही. बदलापूरजवळच्या चामटोलीसारख्या गावात राहून, निवृत्तिवेतनातून आणि मुदतठेवीतून आयुष्यात एकदा असा प्रवास करावयाचा, तर तो प्रश्न पहिला यावयाचाच. व्याख्यानांच्या या संग्रहासाठी लेख मागितला गेला तेव्हा त्याचेच उत्तर सविस्तर द्यावे असे आम्ही ठरविले.

आकडा सांगून मात्र काही उपयोग नाही. एस.टी.च्या भाड्याला टप्पे असतात. अंतर ठरले की भाडे ठरले. विमानाचे तसे नाही. शेजारीशेजारी बसलेल्या दोघांनी निरनिराळे भाडे दिलेले असते. कंपनी विमानातील आसने थराथराने विकावयास काढते. सर्वांत स्वस्त थरात थोडीच आसने असतात. ती संपली की पुढचा थर उघडतो. शाळांच्या सुट्ट्या, दिवाळी आणि नाताळ या दिवसांत खालचे थर लवकर संपतात किंवा उघडतच नाहीत. म्हणून भाडे वाचवावयाचे तर तारखेच्या बाबतीत हट्ट सोडावा लागतो. जानेवारीचा मध्य ते मार्च आणि दिवाळीनंतरचा नोव्हेंबर हे दिवस साधारणपणे बरे. त्यांतही आमचे मत मार्चच्या बाजूचे आहे. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. एवढे पैसे खर्चून काळोख पाहावयास जाण्यात अर्थ नाही.

विमाने दोन प्रकारची. एक थेट जाणारे. त्याला साधारण नऊदहा तास लागतात. दुसरे दुबई, दोहा, अबुधाबी अशा एखाद्या ठिकाणी बदलावयाचे. थांबत जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून प्रथम लंडनला निघाले तेही कैरो आणि जिनिव्हा करीत गेले. बदलून जाणारे तिकीट बहुधा स्वस्त पडते. मात्र ते सबंध प्रवासाचे एकच तिकीट असावे. पहिले विमान उशिरा पोचून दुसरे चुकले, तर पुढे पोचविण्याची जबाबदारी मग कंपनीवर राहते, आणि सामानही परस्पर जाते. थोड्या बचतीसाठी दोन सुटी तिकिटे जोडली, तर चुकलेल्या विमानाचे पैसे बुडतात. शिवाय मध्येच सामान घेण्यासाठी बाहेर पडावे लागले तर त्या देशाचा व्हिसा हवा. विमान युरोपात बदलणार असेल तर त्या देशाचा संक्रमण-व्हिसाचा नियम आधी पाहावा.

आता खरी अडचण. स्वस्त तिकीट लवकर घ्यावे लागते आणि ते बहुधा परत करता येत नाही. पण व्हिसा मिळेलच असे कोणी सांगू शकत नाही. आमच्या परिचयाच्या एका जोडप्याने भाडे उतरलेले पाहून घाईने तिकिटे काढली. पुढे अर्ज नामंजूर झाला. अर्जाच्या आधल्याच महिन्यात मुलाने वडिलांच्या खात्यात एकदम मोठी रक्कम भरली होती, आणि ती कोठून आली याचा कागद जोडलेला नव्हता. व्हिसाची फी गेली, तिकिटे गेली, आणि वर्षभर त्या घरात लंडनचे नाव निघाले नाही.

ब्रिटनच्या पाहुण्यांसाठीच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी तीन महिन्यांपर्यंत करता येतो, आणि बोटांचे ठसे व कागद दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे पहिल्याच दिवशी अर्ज केला तर तिकिटासाठी दीड-दोन महिने हाती उरतात. तेवढे पुरतात. तिकीट काही रुपयांनी महाग पडले तरी चालेल, पण व्हिसा आधी, असे आम्ही निक्षून सांगू. तोपर्यंत भाड्यावर नजर ठेवून रोज एका वहीत आकडा टिपावा. पंधरा दिवसांत स्वस्त कशाला म्हणावे ते कळू लागते.

तिकिटाची तुलना करताना सामानाचे शुल्क, जेवण आणि मधल्या थांब्याचे तास हे सर्व धरावे. समजा, एक तिकीट पाच हजारांनी स्वस्त आहे, पण त्यात बॅगेचे पैसे निराळे आणि मध्ये चौदा तास बाकावर बसावयाचे. साठीच्या माणसाला ती बचत अंगावर येते. उलट लंडनमध्ये वाचविण्यासारखे पुष्कळ आहे. हीथ्रोहून शहरात नेणाऱ्या खास जलद गाडीऐवजी पिकॅडिली मार्गाची भुयारी गाडी घ्यावी. वेळ जास्त लागतो, भाडे पुष्कळच कमी.

आणि मुख्य म्हणजे पाहावयाचे ते फुकट आहे! ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्या कायमच्या दालनांना प्रवेशशुल्क नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या (आंध्रातल्या, वऱ्हाडातल्या नव्हे) स्तूपाची शिल्पे आहेत. जाण्यापूर्वी अंबरनाथचे शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिवालय एकदा सावकाश पाहून घ्यावे. आपल्यापैकी कितीजण रोज त्याच्या जवळून लोकलने जातात आणि आत कधी गेलेले नसतात! दगड पाहण्याची सवय घरी लागली तर तिकडे तिचा उपयोग होतो. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधील वाघनखे २०२४ साली साताऱ्यास आली, तेव्हा ती एस.टी.च्या भाड्यात पाहता आली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड येथील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. त्या रस्त्यावर आम्ही बराच वेळ उभे होतो.

राहता राहिले घरापासून विमानापर्यंतचे अंतर. येथे आमचीच फजिती सांगतो. तिकिटावर पंधरा तारीख, वेळ रात्री अडीच. आम्ही पंधराच्या रात्री निघण्याची तयारी करीत होतो. सुनेने चौदाच्या दुपारी तिकीट पाहिले म्हणून निभावले. मध्यरात्रीनंतरचे विमान असेल तर आदल्या संध्याकाळी घर सोडावे लागते. त्या वेळी बदलापूरहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला गर्दी कमी असते, हा आपला फायदा. घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाका, आणि तेथे भुयारी मेट्रो बदलली की पुढचेच स्थानक विमानतळाचे. मात्र मेट्रो रात्रभर चालत नाही. नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाल्यापासून तिकिटावरील अक्षरेही पाहावी लागतात : बी-ओ-एम म्हणजे मुंबई, एन-एम-आय म्हणजे नवी मुंबई. आणि जाण्याचा दिवस रविवार असेल, तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारीच पाहून ठेवावे.