Explained : मंगळसूत्र विकून चाललेलं वसतिगृह! साताऱ्याच्या ‘शाहू बोर्डिंग’ची गोष्ट काय आहे?

दहावी-बारावीनंतर शहरात शिकायला गेलेल्या मुलाची पहिली अडचण कोणती? अनेकदा कॉलेजच्या फीआधी खोलीचं भाडं आणि मेसचं बिल समोर येतं. शंभर वर्षांपूर्वी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी नेमकी हीच अडचण हेरली होती.

सुरुवात कशी झाली?

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज (जि. कोल्हापूर) इथं झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना बळ दिलं होतं. पुढे भाऊरावांनी ओगले आणि किर्लोस्करांच्या मालाचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरती केली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि तिथं वसतिगृह सुरू झालं.

त्यात वेगळं काय होतं?

त्या काळातली बहुतेक वसतिगृहं जातवार होती. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांचं वेगळं. साताऱ्यात मात्र सगळ्या जातिधर्मांची मुलं एकाच छताखाली राहू लागली. एकच चूल आणि एकच पंगत. ज्या काळात पाणवठेही वेगळे होते, त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी इथं आले. त्यांच्याच हस्ते वसतिगृहाचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. पुणे करारानंतर, १९३२ मध्ये, पुण्यात ‘युनियन बोर्डिंग’ सुरू झालं, तेही सर्व जातींच्या मुलांसाठी.

पैसा कुठून यायचा?

संस्थेचं उत्पन्न तुटपुंजं होतं. गावोगावी फिरून सुगीच्या दिवसांत धान्य गोळा केलं जायचं. तरीही कोठी रिकामी व्हायची. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. शेवटी मुलांच्या जेवणासाठी त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रही विकायला दिलं. पतीच्या हयातीत असं करणं म्हणजे लोकांचे टोमणे ओढवून घेणं होतं. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचं निधन झालं.

मुलं काय करायची?

इथं फुकट जेवण ही दया नव्हती. मुलं शेतात राबायची, स्वयंपाकाला हात लावायची, बांधकामावर घाम गाळायची. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र इथूनच महाराष्ट्रभर पोहोचलं. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचं बोधवाक्य आहे आणि वटवृक्ष हे बोधचिन्ह.

पुढे काय झालं?

वसतिगृहातली मुलं शिकली, पण खेड्यांत शाळाच नाहीत, हे लक्षात आल्यावर १९३५ मध्ये शिक्षक घडवणारं अध्यापक विद्यालय सुरू झालं. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आलं. १९४८ मध्ये सरकारशी खटका उडाला आणि संस्थेचं अनुदान काही काळ बंद झालं. लोकवर्गणीच्या जोरावर काम सुरू राहिलं. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचं निधन झालं.

आज हे का महत्त्वाचं?

फी माफ झाली म्हणजे शिक्षण मोफत झालं, असं आपण सहज धरून चालतो. पण गाव सोडलेल्या मुलाला रात्री झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवणही लागतं. राज्य सरकार आज वसतिगृहं चालवतं, निर्वाह भत्त्याच्या योजनाही आहेत. तरी वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही म्हणून गावी परतणारी मुलं आजही आहेत. आधी मुलाच्या ताटाची सोय, मग पाटी-पुस्तक, हा साताऱ्याचा क्रम म्हणूनच अजून जुना झालेला नाही.