परांड्यातून बिटकॉइन तपासायचं म्हटलं तर

धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्यात बसून बिटकॉइनची अख्खी खातेवही स्वतःच्या संगणकावर तपासायची, तर इंटरनेट किती लागेल? गणित सोपं आहे. दर 10 मिनिटांनी सरासरी एक ब्लॉक, म्हणजे नव्या नोंदींचा गठ्ठा, तयार होतो. ब्लॉक 1 एमबीचा धरला तर दिवसाला 144 एमबी, म्हणजे सेकंदाला जेमतेम 13 किलोबिट. टेलिफोनच्या तारेवरून कर्कश आवाज करत जोडलं जाणारं जुनं डायल-अप इंटरनेटही याहून वेगवान होतं. मग 2015 ते 2017 या काळात जगभरचे प्रोग्रॅमर, ‘खाणकाम’ करणारे म्हणजे नवे ब्लॉक बनवणारे आणि व्यापारी या एका एमबीच्या मर्यादेवरून हातघाईवर का आले?

त्यासाठी ही खातेवही आहे तरी काय, ते आधी पाहू. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असतो आणि फेरफाराची नोंदही तिथेच होते. समजा, गावातल्या ज्याला हवं त्याच्या घरी दप्तराची पूर्ण प्रत आहे आणि प्रत्येक नवा फेरफार प्रत्येकजण आपापल्या घरी नियम लावून तपासतो. नियमात न बसणारी नोंद तलाठ्याने केली तरी कोणी ती उतरवून घेत नाही. बिटकॉइनमध्ये अशा प्रत सांभाळणाऱ्या संगणकाला ‘फुल नोड’ म्हणतात. या चलनाची सगळी मिजास त्यावर उभी आहे. (इथून पुढे जे आहे ते तंत्रज्ञानाबद्दल, गुंतवणुकीबद्दल नाही. ‘गेनबिटकॉइन’ या गुंतवणूक योजनेच्या आमिषाला भुललेल्यांची प्रकरणं 2018 मध्ये पुणे पोलिसांकडे आली, तेवढा धडा महाराष्ट्राला पुरे.)

2009 मध्ये हे चलन सुरू झालं तेव्हा 1 एमबीची मर्यादा नव्हती. कोणी फालतू व्यवहारांचा भडिमार करू नये म्हणून सातोशी नाकामोटो या टोपणनावाच्या निर्मात्याने ती 2010 मध्ये गुपचूप घातली. एक साधा व्यवहार सुमारे 250 बाइटचा धरला, तर ब्लॉकमध्ये चार हजार व्यवहार मावतात. सेकंदाला सात पडतात, तेही चांगल्या दिवशी. आपल्या यूपीआयवर ऑगस्ट 2025 मध्ये 2000 कोटींहून अधिक व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसात हजार. यूपीआयला हे जमतं, कारण तिथली खातेवही एनपीसीआय आणि बँका सांभाळतात. तुळजापूरच्या प्रसादवाल्याला ती तपासण्याची सोय नाही आणि त्याला गरजही वाटत नाही.

हाच पसारा बिटकॉइनमध्ये कोंबायचा तर दर 10 मिनिटांना सुमारे 1.1 जीबीचा ब्लॉक लागेल आणि वर्षाकाठी जवळपास 59 टीबी साठवण. सातोशीला अशा आकड्यांची धास्ती नव्हती. 2008 मध्येच जेम्स डोनाल्ड यांनी ही रचना मोठ्या प्रमाणावर पेलणार नाही अशी शंका काढली होती. त्यावर व्हिसा कार्डाइतके व्यवहार झाले तरी दिवसाला 100 जीबी पुरेल आणि तोवर इंटरनेट स्वस्त झालेलं असेल, असं त्याचं म्हणणं होतं. नोड मोठमोठ्या सर्व्हरशाळांत चालतील हेही त्याला मान्य होतं. तेव्हा मर्यादा वाढवा म्हणणाऱ्या मोठ्या ब्लॉकवाल्यांना निर्मात्याचा आधार होताच.

आता पुन्हा त्या 13 किलोबिटकडे. हा आकडा फसवा आहे. पहिली अडचण इतिहासाची. नवा नोड 2009 पासूनची एकेक नोंद उतरवून तपासतो आणि हा ढीग आता 600 जीबीच्या पुढे गेला आहे. फायबर जोडणीवर 30 एमबीपीएस वेग मिळाला तर दोन दिवसांत काम होईल. मोबाइलच्या रोज 2 जीबीवाल्या रिचार्जवर मात्र जवळपास वर्ष लागेल, कारण उतरवता उतरवता नवे ब्लॉक पडतच असतात. तपासून झालेला जुना भाग पुसून टाकण्याची सोय आहे, त्याने डिस्क वाचते, डेटा वाचत नाही. दुसरी अडचण देण्याची. नोडने घ्यायचं तसंच इतरांना द्यायचंही असतं. चांगल्या जोडणीवरचा नोड महिन्याला 200 जीबी सहज बाहेर पाठवतो, आणि आपल्याकडच्या मोबाइल जोडणीत सगळ्यात दुबळी असते ती अपलोडचीच बाजू. वीज गेली तर त्यामानाने बिघडत नाही. आठ तासांत 48 ब्लॉक मागे पडतात, वीज आली की नोड ते उतरवून घेतो.

तिसरी अडचण वेळेची, आणि खाणकाम करणाऱ्यांना तीच जाचते. दुसऱ्याचा ब्लॉक उशिरा कळला तर तेवढा वेळ ते जुन्यावरच फुकट वीज जाळत बसतात. डेकर आणि वाटेनहोफर या संशोधकांनी 2013 मध्ये मोजलं तेव्हा ब्लॉक एखाद्या नोडपर्यंत पोहोचायला सरासरी 12.6 सेकंद लागत होते, आणि आकार वाढला की विलंब वाढत होता. चीनमधल्या खाणवाल्यांनी 2015 मध्ये 20 एमबीला नकार देऊन 8 वर तयारी दाखवली. देशाबाहेर जाणारी त्यांची इंटरनेटची वाट अरुंद होती, हे त्यामागचं कारण.

त्याच वर्षी गॅविन अँड्रेसन आणि माइक हर्न या प्रोग्रॅमरनी पुढे केलेल्या योजनेत ब्लॉक 8 एमबीपासून दर दोन वर्षांनी दुप्पट होत 2036 पर्यंत 8 जीबीवर जाणार होता. नुसता तो घ्यायलाच सतत 110 एमबीपीएस हवेत. ‘भारतनेट’ या सरकारी इंटरनेट प्रकल्पाने ग्रामपंचायतीला द्यायचा ठरवलेला वेग 100 एमबीपीएस आहे. अख्ख्या पंचायतीची जोडणी एका नोडलाही पुरली नसती! अँड्रेसन-हर्न यांची योजना बारगळली आणि हर्न जानेवारी 2016 मध्ये बिटकॉइन सोडून गेले.

1 ऑगस्ट 2017 ला वाटणी झाली. मोठ्या ब्लॉकवाल्यांनी 8 एमबीचं ‘बिटकॉइन कॅश’ वेगळं काढलं. मूळ बिटकॉइनने त्याच महिन्यात ‘सेगविट’ स्वीकारलं. त्यात सह्यांचा मजकूर वेगळ्या हिशोबाने मोजतात, त्यामुळे ब्लॉक प्रत्यक्षात दीड-दोन एमबीचा होतो आणि कमाल 4 एमबीच्या आसपास थांबतो. बाजाराने कौल मूळ शाखेला दिला.

माझाही कल लहान ब्लॉककडे आहे, पण त्याची किंमत लपवण्यात अर्थ नाही. डिसेंबर 2017 मध्ये जागेसाठी झुंबड उडाली तेव्हा एका व्यवहाराचं सरासरी शुल्क 50 डॉलरच्या पुढे गेलं. तेव्हाच्या दराने तीन हजार रुपयांहून जास्त. म्हणजे कळंबचा सोयाबीन उत्पादक घरबसल्या जगाची खातेवही तपासू शकेल, पण तीत स्वतःची एक ओळ लिहिणं त्याला परवडणार नाही. मोठ्या ब्लॉकमध्ये नेमकं उलट: ओळ लिहिणं स्वस्त, तपासणं सर्व्हरवाल्यांच्या भरवशावर. वादात ‘सामान्य माणूस’ दोन्ही बाजूंना हवा होता, फक्त एकाला तपासणारा आणि दुसऱ्याला खर्च करणारा.

किरकोळ व्यवहार बाहेर उरकून फक्त हिशोब वहीत लिहायचा, ही ‘लायटनिंग’ची युक्ती 2016 च्या शोधनिबंधातून आली. मात्र तिथे खातं उघडायला मूळ वहीत एक ओळ लागतेच. हीच काटकसर सरकारी दाखल्यांत जास्त शोभते. गडचिरोलीतल्या एटापल्लीत 2022 मध्ये 65 हजार जातप्रमाणपत्रं पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकसाखळीशी, म्हणजे अशाच एका खातेवहीशी, जोडण्याचं काम हाती घेतलं गेलं. अशा पडताळणीसाठी अख्खा कागद साखळीवर चढवावा लागत नाही, त्याचा गणिती ठसा पुरतो. एसएचए-256 पद्धतीत तो 32 बाइटचा असतो, मग दाखला एका पानाचा असो की शंभर पानांचा. धाराशिवच्या तहसील कचेऱ्यांनाही हे जमण्यासारखं आहे.

बिटकॉइनमधलं भांडण मात्र आता जागा किती यावरून जागेत काय ठेवायचं यावर आलं आहे. 2023 च्या जानेवारीत ब्लॉकमध्ये चित्रं कोरण्याची ‘ऑर्डिनल्स’ ही पद्धत आली. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच जवळपास 4 एमबीचा, तोवरचा सर्वांत मोठा ब्लॉक निघाला. त्यातली बहुतेक जागा एका दाढीवाल्या जादूगाराच्या चित्राने व्यापली होती. नियमात बसत असल्यामुळे जगभरातल्या नोडनी तो निमूटपणे तपासून उतरवून घेतला.