समुद्र कोणाचा होता?

काश्मीरमध्ये श्रीनगरजवळ, खुनमोह गावाच्या वरच्या अंगाला गुरयूल नावाची घळ आहे. भूविज्ञान शिकवत होतो तेव्हा विद्यार्थ्यांना मी तिथे आवर्जून नेत असे. पर्मियन आणि ट्रायासिक काळांमधली सीमा तिथल्या खडकात उघडी पडली आहे. सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वी, याच सीमेपाशी समुद्रातल्या बहुसंख्य जाती नामशेष झाल्या.

सीमेखालच्या थरांत ब्रॅकिओपॉड सापडतात. दिसायला शिंपल्यासारखे, पण वरची आणि खालची झडप वेगवेगळ्या आकाराची. वरच्या थरांत गाठ पडते ती ‘क्लॅराया’शी. तिसऱ्या आणि कालवं ज्या वर्गात मोडतात, त्याच वर्गातला हा शिंपला. चपटा, नखासारखा पातळ, पाठीवर वर्तुळाकार वळ्या. हा त्या काळी ग्रीनलंडपासून चीनपर्यंत पसरला होता. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यातही तग धरणारा. काही थरांत तर त्याच्याच शिंपल्यांचा खच पडलेला असतो.

जाती किती, हा एक प्रश्न. समुद्रतळ कोणी व्यापला होता, हा दुसरा. जीवाश्मवैज्ञानिक जॅक सेपकोस्की यांनी जगभरच्या सागरी जीवाश्मांच्या याद्या करून वैविध्याचा आलेख मांडला. हे काम फार मोलाचं आहे. पण अशा यादीत एकदाच सापडलेल्या शिंपल्याला एक ओळ मिळते आणि लाखांनी सापडणाऱ्यालाही एकच.

मॅथ्यू क्लॅपम आणि डेव्हिड बॉटजर या जीवाश्मवैज्ञानिकांनी मात्र जीवाश्मांची शिरगणतीच केली. सिलिकाचे झालेले जीवाश्म असलेला चुनखडक आम्लात टाकला, की खडक विरघळतो आणि शिंपले सुटे होतात. 2007 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : किनाऱ्यापासून दूरच्या समुद्रात मृदुकाय प्राण्यांचा (क्लॅराया यांतलाच) वाटा मध्य पर्मियन काळात जेमतेम 1 टक्का होता, तो उत्तर पर्मियन काळात 60 टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे महाविनाशाच्या आधीच तिथे ब्रॅकिओपॉडांकडून मृदुकायांकडे सत्तांतर झालं होतं. नुसत्या जाती मोजून हे कळलं नसतं.

म्हणून जीवाश्म गोळा करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. दुर्मीळ नमुना उचलून नेहमीचे सोडून देऊ नका. खडकावर एक चौकोन आखा, त्यातला प्रत्येक शिंपला मोजा, तुटका असला तरी मोजा, आणि आकडा वहीत लिहा. समुद्र कोणाचा होता, हे त्या आकड्यावरूनच ठरतं.