न भिणारे प्राणी

विषुववृत्तावर पेंग्विन पक्षी राहतो, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याचा सहसा विश्वास बसणार नाही. परंतु एक्वादोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर पश्चिमेस असलेल्या गॅलापागोस बेटांवर तो आढळतो. थंड सागरी प्रवाहांमुळेच त्याचे तेथे निभते. ही बेटे खंडाला कधीच जोडलेली नव्हती. समुद्रतळातून उसळलेल्या लाव्हारसाची ती घडण आहे. त्यांतील फर्नांदिना बेटावरील ज्वालामुखीचा उद्रेक २०२४ सालीही झाला.

प्रवासी येथे लहान जहाजाने येतात आणि होडीतून किनाऱ्यावर उतरतात. उतरताच पहिला प्रश्न पडतो तो पाऊल कोठे ठेवावे हा! काळ्या खडकांवर तितक्याच काळ्या सागरी इग्वानांचे थवेच्या थवे ऊन खात पसरलेले असतात. आकाराने हे प्राणी आपल्याकडील घोरपडीची आठवण करून देतात. मात्र ते समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात आणि अंगात साचलेले जादा मीठ नाकावाटे फुरफुरून टाकतात. माणूस जवळ आला तरी ते जागचे हलत नाहीत. पलीकडे सागरसिंहाचे पिलू खुशाल झोपलेले असते.

१८३५ साली 'बीगल' जहाजातून आलेल्या चार्ल्स डार्विनला याच निर्भयतेचे नवल वाटले होते. फांदीवर बसलेल्या एका ससाण्याला त्याने बंदुकीच्या नळीनेच ढकलले! शिकारी सस्तन प्राणीच तेथे नसल्यामुळे पळून जाण्याची सवय या जीवांच्या अंगी बाणलीच नाही.

या निर्भयतेची किंमत मात्र त्यांना जबर द्यावी लागली. अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने जगू शकणारी अजस्र कासवे देवमाशांच्या शिकाऱ्यांनी जिवंत शिधा म्हणून जहाजांत रचून नेली. त्यांची संख्या लाखाहून अधिक असावी असा अंदाज आहे. पिंता बेटावरच्या जातीचा ज्ञात असलेला शेवटचा नर, 'एकाकी जॉर्ज', २०१२ साली मरण पावला.

मग हे प्राणी अनुभवाने शहाणे होत नाहीत काय? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इग्वानांचीच परीक्षा घेण्यात आली. माणूस प्रथम अंगावर धावून आला तेव्हा त्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक वाढले नाही; एकदा पकडले गेल्यावर मात्र ते वाढले आणि ते थोड्या अधिक अंतरावरून पळू लागले. पण हे अंतर कुत्र्या-मांजरांपासून बचाव होण्याइतके नव्हते.

म्हणूनच प्रवाशाला परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय उद्यानाच्या बहुतेक किनाऱ्यांवर फिरता येत नाही, आणि प्राण्यापासून निदान दोन मीटर दूर राहावे लागते. अडचण एवढीच, की हा नियम सागरसिंहाच्या पिलाला ठाऊक नसतो. ते आपणहून बूट हुंगावयास येते, आणि मागे सरकावे लागते ते माणसाला.